चौथा खांदा

ज्यांच्या नुसत्या स्मरणाने भ्यालेल्या जिवाला धीर येतो, त्या रानबा महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून सावळघरची ही हकीकत सांगतो. सावळघर म्हणजे डोंगराच्या पाठीवरचे चाळीस उंबऱ्यांचे गाव. तालुक्याचे ठिकाण खाली, पाच कोसांवर. मध्ये सडक नाही, गाडीवाट नाही. महाराज एका हिवाळ्यात तिथे आले आणि बयजाबाई कुंभारणीच्या भट्टीशेजारच्या छपरात राहिले. बयजाबाईने त्यांना गाव विचारले नाही की जात विचारली नाही. रोजच्या भाकऱ्यांत एक जास्त थापू लागली, एवढेच.

गावाला मात्र हे रुचले नाही. भैरवनाथाच्या पालखीचा मान हैबतराव मानकऱ्यांच्या घराण्यात. माणूस वाईट नव्हता, पण मान डोक्यात गेलेला. बयजाबाई मडक्यांची पाटी घेऊन चावडीवरून निघाली की ते मोठ्याने म्हणत, "आजवर कुंभारीण मडकी घडवत हुती, आता बुवा घडवलाय! कच्चाच दिसतोय, भाजायचा राहिला असंल." चावडी खो खो हसे. बयजाबाई खाली मान घालून पुढे जाई. घरी आल्यावर महाराजांना यातले एक अक्षर सांगत नसे.

त्या वर्षी माघात तिची सून गजरा बाळंत झाली. मुलगा झाला. बयजाबाईच्या आनंदाला पारावार राहिला नाही, आणि त्या आनंदातच तिने रीतीप्रमाणे सगळे केले. खोलीच्या झरोक्याला गोणपाट लावले. घरात खाट नव्हती, म्हणून जमिनीवरच्या अंथरुणाशी शेगडी धगधगत ठेवली. पाण्याचा थेंब दिला नाही, बाळंतिणीला पाणी बाधते म्हणून. छातीतला पहिला पिवळा चीक पिळून टाकला आणि बाळाला गुळाच्या पाण्याची बोटे चाटवली. तिच्या सासूने तिचे असेच केले होते. याच खोलीतून तिची स्वतःची दोन पोरे पाटीत घालून मातीआड करायला नेली होती, पण त्याचा या रीतींशी काही संबंध असेल हे तिच्या मनात कधी आले नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी बयजाबाईने गजराच्या कपाळावर हात ठेवला. अंग तव्यासारखे. ओठ फुटलेले. गजरा तिच्याकडे बघून म्हणाली, "आये, मला न्यायला आलीस?" गजराची आई मरून सहा वर्षे झाली होती. बाळाला छातीशी धरले तर ते तोंड उघडेना. पाय गार पडलेले, रडणे मांजराच्या पिलाएवढे. बयजाबाईला ते गारपण ओळखीचे होते. ती तशीच धावत छपराकडे गेली.

"म्हाराज, अंगारा द्या वो! माझं घर चाललं!"

महाराज उठले आणि सरळ तिच्या घरात शिरले. "म्हाराज, इटाळ हाय, आत नगा जाऊ!" असे ती म्हणेपर्यंत ते बाळंतिणीच्या अंथरुणाशी बसलेसुद्धा. त्यांनी गोणपाट ओढून काढले, शेगडी बाहेर ठेवायला लावली, उकळून निवलेले पाणी आणवले आणि आपल्या हाताने चमचा चमचा गजराला पाजले. बाळाचे ओले फडके काढून त्याला तिच्या उघड्या छातीवर पालथे निजवले आणि वरून दोघांना पांघरूण घातले. मग चिमूटभर अंगारा दोघांच्या कपाळाला लावला.

"अंगारा लावला, बये. आता दवाखाना."

"पाचवी उद्या हाय, म्हाराज! पाचवीच्या आत उंबरा वलांडला तर सटवाई ल्याकराचं नशीब लिवणार कुटं?"

"सटवाईला वाट ठाऊक आहे. दवाखान्यात येऊन लिहील," महाराज म्हणाले. "पण लिहायला कपाळ जिवंत हवे ना?"

बयजाबाई रडली नाही, तिने होकाराची मान हलवली.

पण न्यायचे कसे? झोळी करावी तर पोरगी पोटात दुमडून वाटेतच जाईल. घरात बाज नाही, आणि विटाळातल्या बाईला दिलेली बाज परत घरात घेता येत नाही म्हणून गावात कोणी देईना. तेव्हा महाराज भैरवनाथाच्या देवळापुढे जाऊन उभे राहिले. मागे बयजाबाई आणि तिचा मुलगा धोंडू, गजराचा नवरा.

"हैबतराव, पालखी द्या. बाळंतिणीला न्यायची आहे."

क्षणभर कोणाला ऐकल्याचे खरेच वाटेना. मग हैबतराव असे हसले की ओट्यावरची कबुतरे उडाली. "उद्या म्हस व्याया लागली तर देवाचा पाट मागाल! अवो बुवा, वर्साला एकदा देव बसतो तीत." त्यांनी जमलेल्या गावाकडे नजर फिरवली. "बरं, न्या! चार खांदे आणा आन् न्या. माझी भावकी द्यायची न्हाई, गाव द्यायचं न्हाई. मिळत्यात का बघा."

महाराज पालखीच्या पुढच्या एका दांड्याखाली उभे राहिले. दुसऱ्याखाली धोंडू. बयजाबाईने पदर कमरेला खोचला आणि मागच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. बाईमाणसाने पालखीला खांदा दिलेला त्या गावाने पाहिला नव्हता. लोकांना हसू आले, पण ते ओठांवरच विरले. चौथी जागा रिकामी. कोणी हलेना. शेवटी देवळाचा पुजारी लखू गुरव खाली बघत पुढे आला. "धुवायची तर मलाच हाय मागनं," असे काहीसे पुटपुटत त्याने खांदा लावला.

शब्द गेला होता. हैबतरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पालखी बाहेर पडताच त्यांनी देवळाला आतून कुलूप घातले, किल्ली मुठीत धरली आणि देवापुढे बसून राहिले. "बघू, देवाबिगर पालखी कुठवर जाती ती!"

गजराला आणि बाळाला आत निजवून चौघे निघाले. माघातले दाट धुके, पुढची पाच पावले दिसत नव्हती. बयजाबाईला आपला खांदा दुखतोय हे कळत नव्हते. तिचा जीव सगळा कानात आला होता. पालखीतून बाळाची ती बारीक कुरकुर येत होती. ती आली की बयजाबाई श्वास घेई, थांबली की हिचाही श्वास थांबे. मध्येच गजरा आईशी बोलू लागे. मेलेल्या आईशी चाललेले ते बोलणे ऐकून धोंडू तिला मोठ्याने हाका मारी.

अर्ध्या घाटात आसरांचा डोह लागतो. सात आसरा तिथे पाण्यात राहतात आणि बारा दिवसांच्या आतले लेकरू वास घेऊन ओढून नेतात, असे सावळघरात तान्ह्या पोरालाही ठाऊक. वाट डोहाला लागून जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काळे पाणी. आणि नेमकी तिथेच बाळाची कुरकुर बंद झाली.

"रडायचं ऱ्हायलं!" लखू ओरडला. "न्हेलं आसरांनी, न्हेलं!" त्याने दांडा खांद्यावरून टाकला आणि धुक्यात मागे पळत सुटला. त्याच्या पायांखालचे दगड घरंगळत डोहात पडल्याचे आवाज आले.

बयजाबाईने डोळे घट्ट मिटले. आता पालखी तिरकी होणार, आता पोरगी पाण्यात जाणार! तिने वाट पाहिली. पालखी तिरकी झाली नाही.

तिने डोळे उघडून उजवीकडे पाहिले. लखूने टाकलेला दांडा तिच्या दांड्याच्या बरोबरीने हवेत होता. त्याखाली कोणी नव्हते. तिच्या पावलाशेजारी गवतावरचे दव मात्र दबत होते. एक पाऊल. मग दुसरे. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. देवाच्या मदतीनेही माणूस किती भितो, ते त्या माउलीला विचारावे! तिने आपला दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

पुढून महाराज मागे न वळता म्हणाले, "बयजा, पायाखाली बघ. बाजूला बघू नकोस. चालत राहा."

ती चालत राहिली. डोह मागे पडला. बऱ्याच वेळाने पालखीत बाळ शिंकले आणि पुन्हा कुरकुरू लागले. तेव्हा कुठे बयजाबाईच्या डोळ्यांना धार लागली.

दवाखान्याच्या पायरीशी पालखी टेकली तेव्हा दुपार कलली होती. दोन परिचारिका धावत आल्या. डॉक्टरीणबाईंनी गजराला तपासले आणि बयजाबाईला आत बोलावले. वारेचा तुकडा पोटात राहून नासला होता. तो काढला, सुया टोचल्या, बाळाला गरम फडक्यांत ठेवून आईचेच दूध थेंब थेंब पाजायला लावले. "पाणी का दिलं नाहीत? पहिला चीक का टाकलात? त्यातच तर बाळाची ताकद असते, आजी!" डॉक्टरीणबाई बोलत होत्या. बयजाबाईला आपली पाटीतून गेलेली दोन पोरे दिसत होती. सगळी रात्र ती गजराच्या पायथ्याशी बसून होती आणि महाराज बाहेर ओसरीवर.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. गजराने डोळे उघडून "आत्याबाई, पानी" म्हटले आणि बाळाने तोंड उघडून दूध ओढले. तो आवाज, ती चुटूचुटू, ऐकून धोंडू ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला.

तिसऱ्या प्रहरी हैबतराव आले. पायांत वहाणा नाहीत, डोक्याला पटका नाही. दारात उभे राहून त्यांनी आधी पालखी पाहिली, मग माणसे मोजली.

"लखू म्हनला, डोहापाशी त्यानं दांडा टाकला. मंग चौथा कोन हुता?"

बयजाबाईने जे पाहिले ते सांगितले. हैबतराव तिथेच खाली बसले.

"मी कुलपाच्या आत हुतो वो. काल सकाळपसनं देवाम्होरं. सूर्व्या माथ्याकडं सरकला आन् देवाच्या उजव्या खांद्याला घाम सुटला. मी पुसला. पुन्यांदा आला. पंचा पिळून पिळून पुसला मी. दुपार कलली तवा थांबला."

हैबतरावांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना उठवले, पण हैबतरावांना आणखी काही विचारायचे होते. ते काय, हे बयजाबाईच्या लक्षात आले आणि तिने पदर तोंडाशी धरला. चार वर्षांपूर्वी मानकऱ्यांची लेक अनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सहाव्या दिवशी गेली. लेकरू त्याच संध्याकाळी गेले.

"म्हाराज, माजी अनू आशीच तापली हुती. आशीच बडबडत हुती. पालखी देवळातच हुती." त्यांनी पायरीशी टेकलेल्या पालखीकडे पाहिले. "हितं आनली आसती तर?"

धोंडूला वाटले, महाराज म्हणतील की आयुष्य तेवढेच होते, देवाची इच्छा. महाराजांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हैबतरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

"वाचली असती, हैबतराव."

मानकरी हंबरडा फोडून रडले. कितीतरी वेळाने शांत झाले, तसेच उठून आत गेले आणि गजराच्या खाटेच्या पायथ्याशी बसले. बाळ दूध पीत होते. मानकऱ्यांना पाहून गजराने घाईने पाय पांघरुणात ओढून घेतले.

"आबा, शिवू नगा, इटाळ हाय," ती म्हणाली.

"असू दे, पोरी," हैबतराव म्हणाले, आणि पांघरुणावरून तिच्या पायांवर कपाळ टेकून तसेच राहिले.