तेल कुठून गळतं

"मग सही करताय ना, चाचा?"

हेरंबनं तिसऱ्यांदा विचारलं. इमामसाब मिस्त्री गाडीखाली उताणे पडले होते. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे पाय.

"वाचून दाखव."

हेरंबनं चौकशी अहवालाचा कागद उलगडला. "'चालक भरमू यानं इंजिनातल्या तेलाकडे दुर्लक्ष केलं. त्यामुळे घाटात इंजिन जाम झालं आणि अडलेली बाई दवाखान्यात पोचू शकली नाही.'"

"पोचू शकली नाही..." गाडीखालून आवाज आला. "मेली, असं लिहिलं न्हाईस."

हेरंबनं कागदाची घडी घातली.

जर्मनीत इंजिनं शिकून तो परतला होता, तो आजऱ्याच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी. भंगारात निघालेली ही जुनी गाडी त्यानंच रुग्णवाहिका म्हणून उभी केली, पांढरी रंगवली, आत पांढरी चादर घातली. दोन वर्षं एकही माणूस वाटेत दगावलं नाही. मग सुगंधा. पोट घट्ट धरून ती गाडीत बसली आणि घाटातल्या तिसऱ्या वळणावर इंजिन अडकलं.

भरमू आधीपासून सांगत होता. "सायब, रोज लिटरभर वततोय. तरी सकाळी गाडीखाली डबकं."

हेरंबनं चार वेळा तेल अडवणारं रबरी सील बदललं. एक जागा बंद केली, की दुसरी पाझरायची. शेवटी तो भरमूवर खेकसला होता, "ओततानाच सांडत असशील!"

आता चाचांनी इंजिन नव्यानं बांधलं होतं. आत सगळं कोरं. आणि आज सकाळी शेडच्या फरशीवर पुन्हा तळहाताएवढा डाग.

चाचा बाहेर आले. रॉकेलनं इंजिन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. मग तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा त्यावर उपडा केला. इंजिन पांढरंफेक झालं.

"चालू कर, इंजिनेरसाब. आणि बघत बस. बोलू नको."

पाव तास गेला. पावडर काळी पडू लागली. खाली. मागच्या अंगाला. मग वरच्या झाकणाच्या कडेला...

"चार ठिकाणी," हेरंब म्हणाला. "म्हणजे नवी सीलंही हलकीच निघाली. किंवा कुणीतरी नीट बसवली नाहीत."

चाचा उठले. तेलानं माखलेला हात त्यांनी हेरंबच्या नाकातोंडावर दाबला.

हेरंबला आधी थट्टा वाटली. मग श्वास संपला. त्यानं म्हाताऱ्याचं मनगट ओढलं, ते हललं नाही. डोळ्यांत पाणी आलं, छाती फुटायला आली. बोटांच्या फटींतून थुंकी उडाली.

हात निघाला.

"कुठनं गळाली?" चाचांनी विचारलं. "त्या फटीचं सील बदलू?"

हेरंब बॉनेट धरून धापा टाकत राहिला. नजर इंजिनाच्या कुशीवर गेली. तिथं बोटभर जाडीची एक नळी होती, आतली वाफ बाहेर सोडणारी. तिच्या तोंडावर रबरी बूच. वरून क्लिप, अगदी टापटिपीनं बसवलेली.

ते बूच त्यानंच बसवलं होतं. वाफेचा वास मागं पेशंटच्या नाकात जायचा. माणसांना शुद्ध हवा मिळायला हवी, असं त्यानं त्या दिवशी भरमूला ऐकवलं होतं. भरमूनं डबक्याची गोष्ट पहिल्यांदा काढली, ती त्याच आठवड्यात.

त्यानं बूच उपटलं. नळी फुसफुसली.

चाचांनी पुन्हा इंजिन पुसलं, पुन्हा पावडर टाकली. पाव तास. पांढरं होतं ते पांढरंच राहिलं.

"इंजिन बांधताना हे तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं."

"मग काढलं का नाही?"

"लावणाऱ्याची वाट बघत हुतो."

...

कागद हेरंबच्या हातात चुरगळला होता. "भरमू कुठं भेटेल?"

"घरीच. त्याला कोण बोलावतंय आता? सुगंधाचीच वाडी त्याची. तिच्या दारावरनंच वाट हाय."

हेरंबनं गाडीच्या आरशात पाहिलं. तोंडावर काळा पंजा उमटला होता. हातही तसेच. चाचांच्या शेडमधून काळ्या हातानं कुणी बाहेर पडायचं नाही, हा तिथला नियम. मंत्री आला तरी नळावर जायचा.

तो नळाकडे गेला. साबणाचा डबा उघडला.

चाचांनी मागून येऊन नळ बंद केला.

"आज न्हाई. असाच जा."