पाच फुलांचा बंब

घाटमाथ्यावरच्या एका गारठलेल्या गावात सुभानजी नावाचा एक सराईवाला राहत असे. त्याच्या सराईत वाटसरूंना आंघोळीला गरम पाणी मिळे. गावाचा नियम मात्र कडक होता. राईतलं लाकूड हिवाळ्याआधी घरोघरी वाटून दिलं जाई आणि त्यानंतर कोणाला एक ढलपीही मिळत नसे.

त्या राज्यात बंबांची परीक्षा होई. राजवाड्याच्या चौकात बंब पेटवून पाहत आणि जो कमी लाकडात जास्त पाणी तापवील, त्यावर जास्त फुलं ठोकत, फार तर पाच. सुभानजीने थेट पाच फुलांचा बंब आणला. त्याची करामत धुराड्यात होती. वरच्या टाकीत गार पाणी भरायचं. टाकीतल्या नळीतून वळसे घेत जाणारा धूर आपली ऊब त्या पाण्याला देई आणि स्वतः निवून बाहेर पडे. मग तेच कोमट पाणी खाली बंबात उतरे.

सुभानजीला फुलांचा भारी अभिमान. आल्यागेल्याला तो आधी फुलं दाखवी, मग खोली. पाच फुलं असताना हात आखडता कशाला, म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी नुसतं खळखळत ठेवी. उरलेलं कढत पाणी तो वरच्या टाकीत परत ओती आणि आपल्याच काटकसरीवर खूश होई.

पौष सरतो न सरतो तोच लाकूड संपत आलं. घरात सून सगुणा ओली बाळंतीण. ती म्हणाली, "मामंजी, बाळाच्या न्हाण्यापुरतं तरी लाकूड राहू द्या."

 सुभानजीला बंबाचाच राग आला. तो तडक राजवाड्यात गेला आणि परीक्षक वैजनाथपंतांवर ओरडला, "तुमची फुलं खोटी आहेत!"

पंतांनी शांतपणे विचारलं, "वरच्या टाकीत काय ओतता?"

"उरलेलं कढत पाणी. वाया का घालवू?"

"आम्ही विहिरीचं गार पाणी ओततो आणि न्हाण्यापुरतंच तापवतो. तुमचं पाणीच कढत, तर धुराने ऊब द्यायची कुणाला? ती गेली आभाळाला."

सुभानजी घरी परतला. त्याने टाकीत गार पाणी भरलं आणि चार काटक्या पेटवल्या. धूर निवून बाहेर आला, त्यातली वाफ निवून धुराड्याच्या टोकाशी पाण्याचे थेंब जमले. बाळ-बाळंतिणीचं न्हाणं झालं. पण उरलेलं लाकूड त्या दोघांनाच कसंबसं पुरणार होतं.

संध्याकाळी एक वाटसरू कुडकुडत दारात आला. "पाच फुलांची सराई ती हीच ना?"

सुभानजीने मान खाली घातली. "फुलं बंबाला मिळालीत, बाबा, मला नाही. गरम पाणी पुढच्या सराईत मिळेल."

तात्पर्य: साधन ज्या रीतीने पारखलं गेलं त्याच रीतीने वापरलं, तर त्याचा गुण येतो, नुसतं विकत आणल्याने त्याचा मान आपल्या पदरात पडत नाही.