सात काट्यांचे मुसके

त्या वर्षी निवांतनाथ महाराज हिवरवाडीला, ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळात मुक्कामाला होते. अंगावर एक कफनी, जवळ पाण्याचा एक तुंबा, बाकी काही नाही. महाराज बोलत थोडे. पण त्यांच्यापुढे घटकाभर बसले की तापलेले मन निवत असे.

गावात गोजराबाई नावाची एक साधी, कष्टाळू बाई राहत होती. दीड एकर जमीन, अबोल नवरा आणि मोरी नावाची एकुलती एक गाय. मोरीचे पहिले वासरू चीक, म्हणजे व्याल्यावरचे पहिले दूध, न मिळाल्याने दगावले होते. दुसरी कालवड पाकळी जगली, म्हणून गोजराबाईने तिला कधी अडवलेच नाही. वर्ष उलटले, शिंगे फुटली, तरी पाकळी आईला लुचतच होती. आता मोरी पुन्हा गाभण राहिली आणि तिचे दिवस भरत आले. थोरलीनेच कास रिकामी केली, तर येणाऱ्या वासराला चीक कुठून मिळणार? पहिल्यासारखे हेही जायचे, या धास्तीने गोजराबाईला अन्न गोड लागेना.

तिने पाकळीला ओढ्यापलीकडे नणंदेच्या मळ्यात नेऊन बांधले. पण मोरीचे हंबरणे तिला ऐकवेना. दुसऱ्याच दिवशी जाऊन तिने पाकळीला परत आणले!

गावात रावजी सरनाईक म्हणजे गुरांचा मोठा जाणकार. लांबून चाल पाहून जनावराचे दुखणे सांगे, आणि तितकाच ताठाही बाळगी. पारावर सगळ्यांदेखत तो म्हणाला, "काय गं गोजरे, दूध पाकळीचं तोडायचंय का तुझं?"

लोक खदाखदा हसले.

"बाभळीच्या काट्यांचं मुसकं बांध तिच्या तोंडाला. कासेला काटे टोचले की गाय आपणच लाथ घालती. चार लाथा खाल्ल्या की सुटली सवय!"

"गाभण हाय ती, रावजीदादा. लाथ झाडताना पडली म्हंजे?"

"मग जा तुझ्या नाथाकडं! त्याला म्हणावं, पाकळीला उपदेश कर!"

गोजराबाई खरोखरच देवळात गेली. महाराज म्हणाले, "काटे नकोत, बाई. दोघींना समोरासमोर बांध. एकमेकींना दिसू देत, हुंगू देत. फक्त पाकळीचं तोंड कासेला पोचू देऊ नको. आठवडाभर धीर धर. आणि तू त्यांच्यापुढं रडू नको. तू रडलीस की मोरीला वाटतं, लेकरू गेलं."

तिने तसे केले. तिसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली असता रावजी गोठ्यावरून चालला होता. दोन्ही जनावरे हंबरत होती. नाथाला गोठ्यातले काही कळत नाही, हे गावाला दाखवावे म्हणून त्याने घरून काटेरी मुसके आणले, पाकळीच्या तोंडावर चढवले आणि तिला सोडले.

तीन दिवसांची आसुसलेली पाकळी कासेवर धडकली. काटे रुतले. मोरीने लाथ झाडली, ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला आणि ती पोटावर आदळली!

आरडाओरडा ऐकून लोक धावले. चौघांनी खांदे लावले, रावजीने शेपूट धरून पाहिले. गाय उठेना. डोळे फिरले, कासेतून रक्त वाहू लागले. रावजी हळूच म्हणाला, "गेली. पोटातलंही गेलं."

गोजराबाई आली. घागर तिथेच टाकून तिने मोरीचे डोके मांडीवर घेतले आणि एकच हाक मारली, "महाराज!"

देऊळ अर्धा कोस दूर. बोलवायला कोणी गेले नव्हते. तरी महाराज गोठ्याच्या दारात उभे होते!

ते मोरीजवळ बसले. रक्ताळलेल्या कासेवर हात ठेवून म्हणाले, "माये, ते मला दे."

महाराजांनी हात उचलला तेव्हा कासेवर ओरखडासुद्धा नव्हता! मोरीने लांब श्वास घेतला, मागचे पाय सावरले, मग पुढचे, आणि ती उभी राहिली. तिच्या कुशीत आतले वासरू ढुशी देताना सगळ्यांनी पाहिले.

महाराजांनी पाकळीचे मुसके काढले. रावजी घाबरून ओरडला, "सोडू नका, पुन्हा लुचंल ती!"

"पाकळे," महाराज म्हणाले, "तुझा वाटा तू प्यालीस. आता पाठच्याला राहू दे."

मोकळी पाकळी थेट कासेपाशी गेली. तिने कास हुंगली. मग आईची हलती कूस एकदा चाटली, मागे वळली आणि गव्हाणीतला कडबा खाऊ लागली! पुन्हा ती कधी लुचली नाही. आठ दिवसांनी मोरी सुखरूप व्याली आणि गोऱ्हा पोटभर चीक प्यायला. पण ते पुढचे.

त्या वेळी गोजराबाईचे लक्ष महाराजांच्या कफनीकडे गेले. छातीवर रक्ताचे ताजे डाग उमटले होते. सात डाग. मुसक्याला काटे किती, हे रावजीला मोजावे लागले नाही. त्यानेच ते बांधले होते.

तो महाराजांच्या पायांशी वाकला. "महाराज, मी पापी. माझं चुकलं."

महाराज दोन पावले मागे सरले. "माझ्याकडं कशाला, रावजी? मोरीला सांग."

रावजीने फेटा काढला. साऱ्या गावादेखत तो शेणामुतात गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपले कपाळ मोरीच्या खुरावर टेकवले. मोरीने पाय हलवला नाही.