झोळ्यांचा हिरडा

कडेवर पोर असलेल्या मुलीनं शाळेचा उंबरा ओलांडायचा नाही, असा डोंगरातल्या हिरडवाडीचा नियम होता. का, ते विचारायचं नाही, हाही नियमच.

फार फार वर्षांपूर्वी, गावात शाळा नवी नवी आली तेव्हा, तिथं ठकू नावाची पोर होती. आईबाप रानात जात, धाकटा भाऊ ठकूच्या कडेवर. ती खिडकीबाहेर उभी राहून पाढे ऐके. आतले पोरगे सतराच्या पाढ्याला अडखळले की बाहेरून ठकू पुढचं म्हणे. "मला येतं, मग मी बाहेर का?" ती आईला विचारी. आई म्हणे, "गप."

एके सकाळी ठकूनं आईचं जुनं लुगडं उचललं. खिडकीलगतच्या हिरड्याला झोळी बांधली, भावाला आत निजवलं, रिकाम्या कडेनं उंबरा ओलांडला, दोरी खिडकीतून आत ओढून पायाच्या अंगठ्याला अडकवली आणि पाटी घेऊन बसली. हात लिहितोय, अंगठा झोका देतोय! मास्तर खुशीत हसले. दुसऱ्या दिवशी गावातल्या साऱ्या पोरी भावंडं घेऊन हजर.

असं म्हणतात, फांद्या पुरेनात तेव्हा हिरड्यानं झोळीगणिक नवी फांदी काढली. वैद्य हिरड्याला आई म्हणतात ते काय उगाच? असंही म्हणतात, त्या झोळ्यांतली तान्ही पहिलं बोलली ती 'आई' नव्हे, 'बे एके बे'!

चावडी मात्र पेटली. कोंडाजी पाटील म्हाताऱ्यांना घेऊन आले. "ए ठके, सोड त्या झोळ्या! पोरं सांभाळणं पोरींचंच काम."

ठकू उठली. तिनं आपली दोरी पाटलांच्या मुठीत दिली. "नाही सोडणार. आबा, चावडीवर बसताच ना दिवसभर? इथं बसा. आणि हळू बोला, पोरं निजलीत."

पाटलांनी तोंड उघडलं. एक पोर चुळबुळलं. पाटलांनी मुकाट्यानं झोका दिला.

आजही शाळा उघडते त्या दिवशी हिरड्याला झोळ्या बांधतात, त्यांत तान्ही निजवतात आणि दोऱ्या म्हाताऱ्यांकडे असतात. सगळ्यांत वयस्कर माणूस दरडावतो, "सोडा झोळ्या!" पहिलीतल्या एखाद्या पोरीनं ठकूच्या नावानं नकार द्यायचा, आणि उत्तर दरसाल नवं हवं. गेल्या साली एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाही सोडत, जा! आजोबा, बाळानं झोळीतूनच तुमचं धोतर भिजवलंय, आधी ते बघा."

सारा गाव खो खो हसला. म्हातारे झोके देत राहिले.