पडलेल्या झाडांना पाणी

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मला जिने सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं. पोरांनी ऐकावी, आणि थोरांनी तर नीट कान देऊन ऐकावी, कारण चुका थोरच करतात.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे लुमाजी आणि त्याची बायको सगुणा राहत होते. त्यांच्या घरामागे ऐनाची चार झाडं होती, लुमाजीच्या बापाने लावलेली. बाप कधीच गेला होता. पण लुमाजी रोज संध्याकाळी त्या झाडांवरून हात फिरवून यायचा.

सगुणा हसायची. "मामंजींना भेटून झालं? आता जेवायला या."

एका वैशाखात वादळ आलं. असलं वादळ की देवळाचा कळससुद्धा वाकला. सकाळी पाहतात तो चारही झाडं आडवी, मुळं मातीसकट वर आलेली. आणि लुमाजीच्या घराचं आढं मोडून छप्पर पार ओढ्यात जाऊन पडलेलं.

गावात सगळ्यांचीच ही गत. ज्याच्या आवारात जे झाड पडलं, त्याचं लाकूड काढून जो तो घर उभं करायला लागला. धाकू सुतार करवत घेऊन लुमाजीकडेही आला.

"लुमाजी, पाऊस तोंडावर आलाय," तो म्हणाला. "एका झाडाचं आढं निघेल, दुसऱ्याचे वासे. ऐन आहे बाबा, नातवंडांना पुरेल. आणि खोड कापून वजन उतरवलं ना, की बुंधा आपसूक खड्ड्यात मागे बसतो. त्याला पुन्हा फुटवा येतो."

लुमाजीने फांदीकडे बोट केलं. "पान हिरवं आहे. हिरव्या पानावर कुऱ्हाड घालायची नाही, ही गावची रीत."

"अरे, ती रीत उभ्या झाडाची! पडलेल्याचं पान थोडे दिवस हिरवं राहतंच. एखादं मूळ असतं मातीत."

"म्हणजे जिवंत आहे," लुमाजी म्हणाला, आणि घागर आणायला गेला.

खरं सांगू? त्याला रीतीचं काही पडलं नव्हतं. झाड कापायचं म्हणजे बापालाच कापायचं, असं त्याला वाटत होतं. पण तसं बोलायची लाज वाटली, म्हणून बिचारी रीत पुढे केली.

मग तो रोज ओढ्यावरून पाणी आणायचा आणि आडव्या झाडांच्या मुळांवर ओतायचा. घराच्या भिंती उघड्या पडल्या होत्या. सगुणेने झावळ्या गोळा करून एका कोपऱ्यावर आडोसा केला. शेजारच्या बाया म्हणाल्या, "आमच्याकडे चल गं." ती म्हणाली, "मी आले तर हे झाडांना पाणी घालतील आणि स्वतः उपाशी राहतील." लुमाजी झाडांना सोडेना, आणि ती लुमाजीला सोडेना.

पाऊस सुरू झाला. झावळ्या गळू लागल्या. चूल विझायची, अंथरूण भिजायचं. सगुणेला आधी खोकला लागला, मग ताप भरला.

"अहो," एकदा ती म्हणाली, "झाडांची पानं रोज बघता. एकदा माझं तोंड बघा."

लुमाजीने पाहिलं. पण बाहेर एका झाडाच्या शेंड्याला अजून हिरवी पानं होती. "एवढी गळू देत," तो म्हणाला. "मग लगेच धाकूला बोलावतो."

धाकू आपण होऊनच आला. त्याने एका झाडाची साल बोटाने उचकटली, आतून भुसा सांडला. "भुंगेरे लागले, लुमाजी. आता तरी हात लावू दे."

लुमाजीने उचकटलेली साल पुन्हा जागेवर दाबून बसवली. धाकू कपाळाला हात लावून निघून गेला.

पानं गळायच्या आधी सगुणा गेली.

आता सरणाला लाकूड हवं होतं. लुमाजी उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने बापाच्या झाडावर कुऱ्हाड घातली. हिरवी पानं होती तेच झाड त्याने बुंध्यापासून तोडलं. खोड सुटलं तसा बुंधा धप्पकन मागे जाऊन खड्ड्यात बसला. तिकडे बघायला कोणाला वेळ होता?

पण ज्याला वैशाखापासून पाणी घातलं, ते लाकूड पेटेल कसं? नुसता फेस आला आणि धूर झाला. सरण तीनदा विझलं. शेवटी शेजाऱ्यांनी आपापल्या नव्या छपरांतले कोरडे वासे उपसून आणले, तेव्हा कुठे तिला अग्नी मिळाला. लुमाजीच्या झाडांनी तिला ना छप्पर दिलं, ना सरण. झाडांचा काय दोष म्हणा!

वर्ष फिरलं. न कापलेली तीन झाडं कुजून, पोखरून भुगा झाली. त्यांची मुळंही वाळली. पण जे कापलं होतं, त्याच्या बुंध्याला चैत्रात कोवळा तांबूस फुटवा आला. धाकू म्हणाला होता अगदी तसाच.

लुमाजीने तो पाहिला. त्याच्यावर हात फिरवला आणि तिथेच बसला. संध्याकाळ झाली, अंधार पडला. तो वाट बघत होता, पण त्याला जेवायला या म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून सांगते, गेलेल्यासाठी रडावं, पण राहिलेल्याला उघड्यावर ठेवून रडू नये.