साळू भोईणीची वाळूतली वाडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गंगेवर तेव्हा पूल नव्हता. आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, तीच ही गंगा. तिच्या काठावर उंबरघाट नावाचं गाव होतं, म्हणजे आजही आहे. या काठावरून त्या काठाला जायचं तर भोयाची नाव, दुसरा मार्ग नाही. ती नाव चालवायचा लिंबाजी भोई, आणि साळू ही त्याची बायको.

लिंबाजी ऐन उमेदीत तापानं गेला. नाव त्याच्या धाकट्या भावानं धरली. दिवसकार्य झाल्यावर दीर खाली बघत म्हणाला, "वैनी, नाव काही बाईमाणसाला झेपायची न्हाई. तुम्ही ती वाळू घ्या."

वाळू म्हणजे नदीच्या पोटातली. पावसाळ्यात ती पाण्याखाली, आणि पाणी ओसरलं की उघडी. तिच्यावर कुणाचा हक्क नाही न् कुणाचा हेवाही नाही. साळूनं डोळे पुसले आणि वाळू घेतली.

मार्गशीर्षात पाणी मागं सरकलं की ती वाळूत चर खणायची. चरात शेणखत घालायची, टरबुजाचं, खरबुजाचं, काकडीचं बी टोचायची, आणि वाळूत झिरा उकरून त्यातलं पाणी घागरीनं एकेका वेलाला पाजायची. चैत उजाडला की भाजून काढणाऱ्या त्या पांढऱ्या वाळूवर हिरवी वाडी पसरलेली असायची आणि पानांखाली फळं झोपलेली असायची. असं म्हणतात, साळू फळाला बोटानं टिचकी मारायची नाही. नुसती जवळ बसायची आणि तिला कळायचं, हे आज निघणार, हे परवा.

पण तिची विकायची पाटी उन्हाळ्यापुरती नव्हती. थंडीत काठच्या गाळाच्या काळ्या मळईत ती वांगी लावायची, हरभऱ्याची भाजी खुडायची. पावसाळ्यात बांधाबांधानं हिंडून तांदुळजा, कुरडू, करटुली आणायची. जे त्या दिवसांत निघेल तेच पाटीत. गावातल्या लेकरांना महिन्यांची नावं येत नसली तरी साळूच्या पाटीत डोकावून ती सांगायची, पौष लागला, आषाढ आला.

कुणी थंडीत टरबुजाची आठवण काढली तर ती हसायची. "आत्ता टरबूज खाऊन दात वाजवायचेत का? ही हरभऱ्याची भाजी घ्या. आत्ताच खुडलीय. बोटं चाटून बघा, पानावरची आंबट आंब अजून वाळली न्हाई."

माणसं खरंच बोटं चाटून बघायची, आणि भाजी घेऊन जायची.

पुढं काय झालं, लांबच्या मोठ्या पेठेपासून गाडीरस्ता निघाला तो थेट उंबरघाटच्या बाजारापर्यंत आला. दर गुरुवारी बैलगाड्यांची रांग लागू लागली. गवतात गुंडाळलेली फळं आली, पोत्यांतले बटाटे आले, कुणी कधी न पाहिलेल्या भाज्या आल्या. भाजी चार दिवसांच्या प्रवासानं कोमेजलेली असायची, पण गाडीवानाच्या डोक्याला जरीचा फेटा असायचा, आणि तो म्हणायचा, "पेठेचा माल हाय, पेठेचा!" बघता बघता गावाला त्याचंच अप्रूप झालं. पाहुणा आला तर पेठेचं फळ. पंगत बसली तर पेठेची भाजी. लांबून आलेलं ते मानाचं, आणि दारातलं ते दरिद्री, असं माणसांच्या मनानं घेतलं.

राजसबाई पाटलीण मनानं वाईट नव्हती. साळूच्या पाटीतलं पहिलं खरबूज वर्षानुवर्षं तिच्याच घरी जायचं. पण मुलाच्या लग्नाच्या वेळी साळू पाटी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा ती दबक्या आवाजात म्हणाली, "साळू, तुझं वाळूतलं पंगतीत कसं वाढू गं? व्याही काय म्हणतील?"

साळू वळली. पाटी डोक्यावर घेऊन घाट उतरली. तिला राग आला नाही, पण लाज वाटली. स्वतःसाठी नव्हे. पाटीतल्या फळांसमोर कुणीतरी त्यांना नावं ठेवली आणि आपण ऐकून घेतलं, याची लाज. त्या सांजेला तिनं ती फळं फोडून दिराच्या म्हशीपुढं टाकली.

हळूहळू एकेक मळा ओस पडला. सोपान माळ्याची वांगी म्हणजे पंचक्रोशीत नाव होतं. त्यानंही मोट सोडली आणि बैल गाडीला जुंपून पेठेचा माल वाहू लागला. जाता जाता तो साळूला म्हणाला, "काकू, कुणासाठी राबताय? कुणी खात न्हाई आता आपलं."

"नदी उघडी पडली की हात शिवशिवतात रं," साळू म्हणाली. "दुसरं काय."

पण एका पौषात तिचेही हात थांबले. घरात दाणा नव्हता. टरबुजाचं बी तेवढं गाडग्यात राखून ठेवलेलं होतं. दिवस मावळताना तिनं चूल पेटवली, तवा ठेवला, आणि भाजून खावं म्हणून ते बी तव्यावर ओतलं. इथं दोन गोष्टी सांगतात. काही म्हणतात, तवा तापायच्या आत बी टणाटण उडालं आणि दारातून जाऊन थेट वाळूत पडलं. काही म्हणतात, तसं काही झालं नाही. साळूनंच पदरानं तवा खाली उतरवला, बी पालथ्या हातानं चाचपून बघितलं, अजून गार होतं, आणि ते कवटाळून ती हमसून रडली. काही असो. दुसऱ्या दिवशी ती वाळूत चर खणत होती.

त्याच साली उन्हाळा असा आला की म्हाताऱ्यांनाही तसा आठवेना. होळी झाली न झाली तोच झाडांवर पाखरू बोलेना. विहिरींचं पाणी खारट झालं. माणसं रानातून आली की ओसरीवर आडवी व्हायची आणि उठायची नाहीत. आणि नेमका त्याच वेळी गाडीरस्त्यावरच्या बैलांना पायलाग झाला. खुरं सुजली, तोंडाला फेस आला, बैल जागच्या जागी बसले. गुरुवार आला आणि गेला, गाड्या आल्याच नाहीत. पुढचाही गुरुवार तसाच. गावातले मळे तर केव्हाच काट्याकुट्यांनी भरलेले. घरात जोंधळा होता, पण कोरडी भाकरी कुणाच्या गळ्याखाली उतरेना.

पाटलाची सून चंद्रभागा दिवसांत होती. तिच्या पोटात काही ठरेना. पाणी दिलं तरी उलटून पडायचं. अंग निखाऱ्यासारखं, ओठ फुटलेले. मिटल्या डोळ्यांनी ती एकच म्हणायची, "गार काहीतरी द्या."

सुईणीनं राजसबाईला बाजूला घेतलं. "पाटलीणबाई, हिच्या पोटात थंडावा गेला न्हाई तर दोन जीव जातील."

भर दुपारी राजसबाई वाड्यातून बाहेर पडली. वहाणा घालायचंही तिला सुचलं नाही. घाट उतरून ती वाळूत आली तेव्हा पाय भाजून निघत होते. नदी म्हणजे त्या टोकाला चांदीच्या तारेएवढी उरलेली. आणि मधोमध, सगळं पांढरं फटक असताना, साळूची वाडी हिरवीगार. साळू झिऱ्यातून घागर भरत होती.

राजसबाई समोर उभी राहिली. किती वर्षांत दोघी बोलल्या नव्हत्या. "साळू," एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि ती वाळूतच बसली.

साळूनं आधी घागर तिच्या पायांवर रिकामी केली. मग म्हणाली, "सूनबाईंना किती दिवस झाले असं?"

"तुला कसं कळलं?"

"पाटलीण अनवाणी आली, ती काय स्वतःच्या तहानेसाठी?"

तिनं एक टरबूज तोडलं. ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि स्वतः काखेला मारून वाड्यात घेऊन आली. चंद्रभागेचं डोकं मांडीवर घेतलं, लाल गर हातानं कुस्करला आणि थेंब थेंब रस तिच्या ओठांवर सोडला. पहिला थेंब पोटात राहिला. दुसरा राहिला. सांज होईतो चंद्रभागेनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आणखी आहे का?"

राजसबाईनं साळूचे पाय धरले. साळूनं पाय मागं घेतले. "हे काय! उन्हाच्या दिवसांत तहान लागती म्हणून तर हे त्याच दिवसांत पिकतंय. ह्यात माझं काय?"

बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वाळूत माणसांची रीघ. म्हातारी आली, कडेवर लेकरं घेऊन बाया आल्या, दीर आला, आणि सगळ्यांच्या मागं मान खाली घालून सोपान माळी आला. साळूनं कुणाला परत पाठवलं नाही. फक्त एक अट घातली. "फळ न्या, पण बी थुंकू नका. धुऊन, वाळवून माझ्याकडं आणून द्या."

असं म्हणतात की, त्या उन्हाळ्यात साळूच्या वेलाला सकाळी जिथून फळ तोडलं, तिथं संध्याकाळी दुसरं तयार असायचं. सगळं गाव खात होतं, वाटसरू खात होते, तरी वाडी सरेना. साळूला विचारलं तर ती म्हणायची, "काही न्हाई हो, पानाखाली कुणी नीट बघत न्हाई, एवढंच." पण ते तिचं बोलणं झालं. चंद्रभागेला नदीला पाणी यायच्या आधी मुलगी झाली, सुखरूप. तिचं नाव साळूबाईच ठेवलं.

पावसाळा सरला, पाणी ओसरलं, आणि साळू राखून ठेवलेलं सगळं बी ओटीत घेऊन घरोघर हिंडली. ज्याच्या त्याच्या ओंजळीत मूठभर बी टाकलं. राजसबाईच्याही ओंजळीत टाकलं.

"मला काय येतंय गं त्यातलं?" राजसबाई म्हणाली.

"या तर खरं. वाळू शिकवती."

त्या मार्गशीर्षात उंबरघाटची वाळू माणसांनी फुलली. पाटलीण पदर खोचून चर खणते आहे, हे बघायला पैलतीरावरची माणसं नावेतून आली, आणि जाता जाता तीही बी मागून घेऊन गेली. सोपानानं विहिरीतला गाळ काढला, मोट पुन्हा धरली. त्याच्या पहिल्या वांग्यांचं भरीत झालं तेव्हा त्याची म्हातारी आई म्हणाली, "इतकी वर्षं आपण भाजी खात होतो, का भाजीचं प्रेत?" सगळे हसले, पण कुणी घास खाली ठेवला नाही.

बैल बरे झाले, गाड्या पुन्हा येऊ लागल्या. गावकऱ्यांना वाटलं, साळू गाड्यांना हाकलून द्या म्हणेल. ती म्हणाली, "गाडीशी माझं काय भांडण? मीठ का माझ्या वाळूत पिकतंय? नारळ का सोपानाच्या मळ्यात लागतोय? ते त्यांच्याकडून घ्या. पण जे आपल्या पायाखाली उगवतंय, ते दुसऱ्याच्या दारातून आणू नका. शेजारी बसल्या जागी सुकून जातो."

साळू खूप म्हातारी झाली. दर आषाढात नदी चढू लागली की ती काठावर बसून आपली वाळू पाण्याखाली जाताना बघायची. तिला त्याचं दुःख नसायचं. लेक सासरी जाते तसं ती तिला निरोप द्यायची. अशाच एका आषाढात ती काठावर बसलेली दिसली होती, आणि उजाडलं तेव्हा तिथं नव्हती. झोपडीत नव्हती, नात्यागोत्यात नव्हती. धारेत नाव घालून दिराच्या मुलांनी दूरवर शोधलं. सापडली नाही.

मग पाणी ओसरलं. आणि असं म्हणतात की, त्या साली वाळू उघडी पडली तेव्हा कुणी बी टोचायच्या आधीच एक वेल उगवलेला होता. या काठापासून त्या काठापर्यंत, सरळ, नावेच्या वाटेनं. माणसं त्याच्या कडेनं चालत नदी उतरून गेली आणि कुणी त्याचं एक पानसुद्धा तोडलं नाही. खरं-खोटं गंगामायला ठाऊक.

आज उंबरघाटला पूल आहे. गुरुवारचा बाजार अजून भरतो. पेठेतल्या गाड्यांच्या जागी टेम्पो आले, ते पहाटेच येऊन लायनीत उभे राहतात. पण ताडपत्री सोडायची नाही, तराजू टांगायचा नाही. आधी गावातल्या आणि पैलतीरावरच्या बाया आपापल्या पाट्या घेऊन वडाखाली बसतात. त्या दिवसांत जे निघालं असेल ते, कुणाकडं करटुली, कुणाकडं मेथी, कुणाकडं नुसती चार लिंबं. त्याला म्हणतात साळूची पाटी. तिची शेवटची जुडी उठली की मगच बाजार सुरू. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडलेला कुणाला आठवत नाही.

मागच्याच उन्हाळ्यात एक नवा टेम्पोवाला आला होता, लांबचा. ऊन वर चढलं तसा तो वैतागला. "अवो आजी, आमचा माल तापतोय. अजून किती वेळ?"

वडाखालच्या आजीनं पाटीतली काकडी उचलली, पदराला पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"हीच शेवटची हाय," ती म्हणाली. "तू खाल्लीस की झालं."

त्यानं ती उभ्या उभ्या खाल्ली. मग तो वडाच्या सावलीत खाली बसला, आणि ताडपत्री सोडायची त्याला बराच वेळ आठवण झाली नाही.