मथूची खडप

ती बघा, बंदराच्या तोंडाशी काळी खडप दिसते ना, तिला मथूची खडप म्हणतात. ओहोटी आहे म्हणून आत्ता दिसते. भरतीला तिच्यावर पुरुषभर पाणी चढतं. पोहत जायचा विचार असेल तर सोडून द्या, भल्याभल्यांची तिथे गाळण उडाली आहे. बसा इथे, सांगतो.

असं सांगतात की फार पूर्वी एका साली समुद्र गावावर रुसला. जाळी टाकावीत आणि रिकामी ओढावीत, असे दिवस. चुलीवर रानातले कंद शिजत, तेही पोरांना पुरत नसत. राहता राहिली सुरमई. पण सुरमई म्हणजे मोठी मानी जात! दिवसभर गळ सोडून बसा, ढुंकून बघायची नाही. ओहोटी सरून पाणी भरतीला फिरलं की बारकी तारली मासळी खडकांकडे लोटली जाते, तेव्हा सुरमई तिच्यावर खालून तुटून पडते. तेवढीच तिची जेवणाची वेळ. त्या वेळी होडी नेमक्या जागी नसली तर बसा हात चोळत.

ती जागा ओळखायची धाकू तांडेलाची लेक मथू. आई नसलेली पोर, बापाच्या होडीतच वाढलेली. धाकू तिला ओहोटीला खडपेवर उतरवायचा. उंचावरून तिला लांबचं पाणी खदखदताना दिसे, पक्षी सूर मारताना दिसत. मग ती तिकडे तोंड करून डोईचं फडकं दोन्ही हातांनी हलवायची. म्हणजे, या, इथे मासा जेवतोय! आणि पाणी चढायच्या आत धाकू तिला उतरवून घ्यायचा. लेकीचं त्याला कोण कौतुक!

त्या दिवशी अमावास्या होती.

"आबा, आज उधाण आसा. बेगीन येवा हां," मथू म्हणाली.

"येतंय गो बाय, येतंय."

पाणी फिरलं, फडकं हललं, होडी तिने दाखवलेल्या जागी गेली आणि भोवती समुद्र उसळायला लागला. किती दिवसांनी! गळ पडायचा अवकाश, की हातभर लांबीची सुरमई लागलीच. दोरीने तळवे कापले तरी कुणाला शुद्ध नव्हती. धाकूने म्हणे एकदा मान वर केली. मथू अजून फडकं हलवत होती, अगदी जोरजोरात.

"अजून मासो आसा म्हणता चेडू माझा!" तो लेकीकडे बघून हरखून ओरडला. त्याने तिला हसून हात केला आणि पुन्हा दोरीला भिडला. भरतीच्या गाजेत तिची हाक कुठली ऐकू यायला?

मासा आला तसा नाहीसा झाला. तेव्हा धाकूने वर पाहिलं. खडप नव्हती. नुसतं पाणी होतं.

पुष्कळ शोधलं. फडकंसुद्धा मिळालं नाही.

किनाऱ्यावर सुरमयांचा ढीग पडला होता आणि भुकेली पोरं त्याच्याकडे बघत उभी होती. हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी धाकूच म्हणाला, "खावा रे. माझ्या चेडवान बोलावलेलो मासो तो." गावाने रडत रडत खाल्ला. करणार काय? पोट कुणाला चुकलंय! धाकूच्या तोंडात मात्र घास गेला नाही.

पुढे तो होडीतून जाई, पण दोरीला हात लावत नसे. मासा ओढणाऱ्यांकडे पाठ करून खडपेकडे बघत बसे. लोक समजावत, "झालं गेलं गंगेला मिळालं, आबा." तो म्हणायचा, "चेडू माका बोलवी होता, आणि मी हसान हात केलंय." मरेपर्यंत त्याचं एवढंच बोलणं.

आजही आमच्या बंदरातल्या प्रत्येक होडीत एक माणूस असा पाठमोरा बसतो. सुरमई कितीही तुटून पडो, तो तिच्याकडे बघत नाही. त्याला वाटा सगळ्यांइतकाच मिळतो. मीही बसलोय. आता तुम्ही विचाराल, याने कुणाचा जीव वाचला का? नाही हो. त्या खडपेवर आता कुणी उतरतच नाही. तिथे कुणी नाही, हे बसणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तिकडून मान वळवायची हिंमत होत नाही.